चौकशीची खिडकी: भारत सरकारचं मुख्य संकेतस्थळ नेमकं कशासाठी असतं

इंडिया डॉट गव्ह डॉट इन हे भारत सरकारचं राष्ट्रीय पोर्टल. नोव्हेंबर २००५ पासून ते चालू आहे. तरी सरकारी कामासाठी मोबाइल हातात घेणारा माणूस सहसा तिकडे फिरकत नाही. कोणी चुकून गेलाच तर दोन मिनिटांत बाहेर येतो आणि म्हणतो, 'इथे तर नुसत्या लिंका आहेत, काम कुठे होतं?'

लिंका आहेत हे खरंच आहे. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत तिकीट मिळत नाही आणि गाडीही तिथून सुटत नाही. कोल्हापूरची गाडी कुठे लागते एवढं तिथे कळतं. राष्ट्रीय पोर्टलचं काम तेवढंच. पासपोर्ट, पॅन, पेन्शन, पीएफ, रेल्वे, शिष्यवृत्ती, अशा प्रत्येक गोष्टीला कोणतं तरी खातं जबाबदार असतं आणि खरी माहिती त्या खात्याकडे असते. पोर्टल तुम्हाला त्या खात्याच्या दारापर्यंत नेऊन सोडतं.

आता इथे कोणीही विचारेल की सगळं एकाच जागी का नाही ठेवलं? ब्रिटनने तसं करून दाखवलं आहे. तिथे ऑक्टोबर २०१२ मध्ये गव्ह डॉट यूके सुरू झालं, त्याआधीची दोन मोठी सरकारी संकेतस्थळं बंद करून त्यांची जागा त्याने घेतली आणि मग एकेका मंत्रालयाचा मजकूर त्यात ओढून घेतला. सगळीकडे एकच मांडणी, एकच भाषाशैली. बँकांच्या सुट्ट्या कधी, याचं पान उघडलं तर पुढची सुट्टी कोणती ते ठळक अक्षरांत वरच दिसतं. मंत्र्यांचा फोटो नाही, फिरती पट्टी नाही. मला विचाराल तर सरकारी पान असंच असावं.

पण आपल्याकडे ते जसंच्या तसं उचलता येत नाही, आणि त्याचं कारण संगणकात नाही, राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी केली आहे: रेल्वे, पासपोर्ट, प्राप्तिकर केंद्राकडे, जमीन, पोलीस राज्यांकडे, शिक्षणासारखे काही दोघांकडे. जमिनीचंच बघा. महाराष्ट्रात सातबारा, गोव्यात त्याच कामाला 'फॉर्म एक व चौदा', कर्नाटकात आणखी वेगळा उतारा. नमुना वेगळा, कायदा वेगळा, नोंद करणारा अधिकारी वेगळा. निपाणीच्या शेतकऱ्याचा उतारा बंगळुरूच्या यंत्रणेतून निघतो आणि दहा-वीस किलोमीटरवरच्या कागलच्या शेतकऱ्याचा महाराष्ट्राच्या. दिल्लीतल्या पोर्टलने या दोघांना एकच पान दाखवायचं म्हटलं, तर ते पान दोघांपैकी एकाला तरी चुकीचंच असणार.

हे पोर्टल बांधलं आणि चालवलं जातं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून. कलेक्टर कचेरीत त्याला सगळे 'एनआयसी' म्हणतात. ही संस्था १९७६ सालची. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला १९९५ चा ऑगस्ट उजाडावा लागला, म्हणजे ती इंटरनेटपेक्षा कितीतरी जुनी. जिल्ह्याजिल्ह्यात तिचं कार्यालय आहे. पण एनआयसी जागा देते, साचा देते, सर्व्हर सांभाळते. मजकूर बरोबर आहे का, जुना झाला आहे का, हे बघण्याची जबाबदारी ज्या त्या खात्याची. म्हणून पानाच्या तळाशी जाऊन बारीक अक्षरं वाचा. मजकूर कोणाच्या मालकीचा आणि पान शेवटचं कधी अद्ययावत केलं, या दोन गोष्टी तिथे असायला हव्यात. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. त्यांत हे सांगितलेलं आहे. दृष्टिहीन माणसाला स्क्रीन रीडरवर पान ऐकता आलं पाहिजे, हेही त्यांतच आहे. पाळतात किती, हा निराळा विषय. कागद तिरका स्कॅन करून पीडीएफ टाकून दिला की स्क्रीन रीडर मुका होतो, आणि असे तिरके पीडीएफ आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

तळाशीच 'अस्वीकरण' नावाची आणखी एक लिंक असते. ती सहसा कोणी उघडत नाही. तिच्यात साधारण असं म्हटलेलं असतं: माहिती अचूक ठेवण्याचा प्रयत्न केला आहे, पण हा मजकूर म्हणजे कायदा नव्हे आणि कायदेशीर कामासाठी तो वापरू नये. सरकारच आपल्या पानाबद्दल असं लिहितं तेव्हा आपणही तेवढंच समजायचं. पोर्टलवरचा मजकूर वाट शोधायला चांगला. पण साहेबांच्या टेबलावर आपटायला दुसरा कागद लागतो. तो कोणता, याकडे येतोच. त्याआधी पत्त्याबद्दल.

सरकारी संकेतस्थळ खरं की बनावट हे पत्त्यावरून ओळखायचं असेल तर पत्ता शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीच्या 'https://' मधल्या दोन रेघा सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून उलटे मागे चला. अगदी शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असलं पाहिजे. हा शेपटीचा भाग फक्त सरकारी कार्यालयांना मिळतो आणि तो एनआयसीकडूनच घ्यावा लागतो. खासगी माणसाला पैसे मोजूनही मिळत नाही. त्याच्या आधीचा शब्द कार्यालयाचा. पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन म्हणजे पासपोर्टचं खरं ठिकाण. बनावट पत्त्यांत हे सगळे शब्द असतात, फक्त जागा बदललेली असते: 'गव्ह' आणि 'इन'च्या मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ, आणि शेवटी डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग. पासपोर्टच्या नावाने अर्ज भरून घेणाऱ्या आणि जास्तीचे पैसे उकळणाऱ्या अशा संकेतस्थळांबद्दल परराष्ट्र मंत्रालयानेच इशारे दिलेले आहेत. ३६ पानी साध्या नव्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. 'अपॉइंटमेंट चार्ज' म्हणून कोणी वेगळे मागितले की समजावं, आपण चुकीच्या दारात उभे आहोत.

पत्त्यापाशी दिसणाऱ्या कुलपावर भरवसा ठेवू नका. तुमच्या फोनपासून त्या संकेतस्थळापर्यंतचं बोलणं मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. समोरचा चोर असेल तर चोराशी तुमचं बोलणं सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ होतो. बनावट संकेतस्थळंही कुलूप लावूनच बसतात.

अर्थात 'गव्ह डॉट इन' नाही म्हणजे बनावटच, असंही नाही. रेल्वेचं तिकीट आयआरसीटीसी डॉट को डॉट इनवर निघतं, रिझर्व्ह बँकेचा पत्ता डॉट ऑर्ग डॉट इनने संपतो. बँकांसाठी म्हणून रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' ही वेगळी शेपटी काढली आणि २०२५ मध्ये सगळ्या बँकांना तिकडे वळायला सांगितलं. जुनी सरकारी संकेतस्थळं 'एनआयसी डॉट इन'वर होती, त्यांतली बरीच आता 'गव्ह डॉट इन'वर आली आहेत. मग नागरिकाने पाठ तरी काय काय करायचं? पाठ काहीच करायचं नाही. इथेच चौकशीची खिडकी कामाला येते. गूगलवर शोधलं तर वर जाहिराती येतात आणि जाहिरात कोणालाही देता येते. राष्ट्रीय पोर्टलवरून किंवा आयगॉड डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळांच्या सूचीवरून गेलं तर निदान दार तरी खरं मिळतं. सूचीत केंद्राची मंत्रालयं, राज्यं, जिल्हे, न्यायालयं, विधिमंडळं अशी विभागणी आहे. दिसायला रुक्ष आहे. पण माझ्या मते राष्ट्रीय पोर्टलच्या सजवलेल्या पहिल्या पानापेक्षा ही रुक्ष यादी जास्त उपयोगाची.

खरं दार सापडलं तरी एक घोळ उरतो. एकाच खात्याची दोन-दोन संकेतस्थळं असतात: एक वाचायचं, एक काम करायचं. प्राप्तिकर खात्याचे कायदे, नियम, परिपत्रकं एका पत्त्यावर, आणि विवरणपत्र भरायचं पोर्टल दुसऱ्या. ते जून २०२१ मध्ये नव्या पत्त्यावर गेलं तेव्हा जुन्या पत्त्याचे बुकमार्क घेऊन बसलेल्यांची चांगलीच धांदल उडाली होती. सातबाऱ्याचंही तेच. महाभूलेख या राज्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो. तो छापून कर्ज मागायला गेलात तर परत यावं लागेल. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा वेगळ्या पत्त्यावर, १५ रुपये भरून मिळतो, आणि कामाला चालतो तो हा. दोन्हीत गट नंबर तोच, नावं तीच, क्षेत्र तेच. फरक स्वाक्षरीचा.

आता तो 'दुसरा कागद'. सरकारच्या तोंडून निघालेली प्रत्येक गोष्ट सारख्या वजनाची नसते. मंत्री सभेत बोलले, ती घोषणा. मंत्रिमंडळाने मान्य केलं आणि राज्य सरकारच्या महासंवादवर किंवा केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याची टिपणी आली, ती बातमी. अंमल सुरू होतो तो शासन निर्णय (म्हणजेच जीआर), अधिसूचना किंवा कायदा निघाल्यावर. तहसीलमधला कारकून 'आमच्याकडे अजून काही आलेलं नाही' म्हणतो तेव्हा तो नेहमीच टाळत असतो असं नाही. कित्येकदा जीआर खरोखरच निघालेला नसतो.

महाराष्ट्राचे शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले आहेत, विभागवार शोधता येतात, आणि ही सोय आपल्याकडच्या फार चांगल्या सोयींपैकी एक आहे. कोणताही जीआर उघडा आणि शेवटच्या परिच्छेदाकडे या. तिथे ठरावीक वाक्य असतं: सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे, आणि हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. हा संकेतांक १८ आकडी असतो. पहिले चार आकडे साल, मग दोन महिना, दोन दिवस. संकेतांक २०२४०६२८ ने सुरू होत असेल तर तो २८ जून २०२४ चा. व्हॉट्सॲपवर एखादा जीआर फिरत आला आणि त्यात हा संकेतांकच नसेल, किंवा त्याची तारीख वरच्या तारखेशी अजिबात जुळत नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे. संकेतांक टाकून शोधला आणि मूळ कागद समोर आला की वाद मिटला.

आता जीआरच्या वरच्या बाजूला या. तिथे 'वाचा' असं लिहून आधीच्या जीआरची यादी दिलेली असते. ती वगळून थेट रकमेवर उडी मारायची सवय आपल्याला असते, पण सगळा इतिहास त्या यादीत असतो. हा कागद आधीचा रद्द करतो का, त्यात भर घालतो का, की नुसतं शुद्धिपत्रक आहे? 'अधिक्रमित' हा शब्द दिसला की समजायचं, जुना गेला.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं उदाहरण ताजं आहे. २८ जून २०२४ च्या जीआरमध्ये वयाची मर्यादा ६० होती, अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत होती, आणि पाच एकरांहून जास्त शेतजमीन नको अशी अट होती. आठवडाभरात हे तिन्ही बदललं: वय ६५ झालं, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, जमिनीची अट निघाली. पण जून महिन्याचा जीआर तर तोवर गावोगावच्या ग्रुपवर पोचला होता. कागद खरा, संकेतांक खरा, सही खरी, आणि तरी माहिती शिळी. त्या काळात ६२ वर्षांच्या किती बायकांना कोणी तो कागद दाखवून 'मावशी, तुम्ही बसत नाही' म्हणून परत पाठवलं असेल कोण जाणे. म्हणून जीआर खरा आहे का याच्या जोडीने तो शेवटचा आहे का, हेही विचारायचं.

केंद्राच्या बाबतीत जीआरच्या जागी राजपत्र, म्हणजे गॅझेट. लग्नानंतर किंवा एरवी नाव बदललेल्यांना राज्याचं राजपत्र ठाऊक असतं. भारताचं राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून कागदावर छापणं बंद झालं. ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर येतं तेच आता राजपत्र. त्याला कायद्याचा आधार माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ८ चा आहे. म्हणजे राष्ट्रीय पोर्टलवरचा मजकूर कायदा नाही, पण त्याच सरकारच्या दुसऱ्या संकेतस्थळावरचं पान मात्र कायदा आहे. दोन्हींचे पत्ते 'गव्ह डॉट इन'च.

आकडेवारीसाठी तिसरंच ठिकाण आहे, डेटा डॉट गव्ह डॉट इन, २०१२ पासूनचं. तिथे बाजार समित्यांचे रोजचे भावही मिळतात. लासलगावचा कांदा शोधला तर राज्य, जिल्हा, बाजार, वाण, आणि क्विंटलचे तीन भाव दिसतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. बातमीत येतो तो बहुतेकदा कमाल. तो एखाद्या देखण्या वक्कलाला, म्हणजे मालाच्या एखाद्याच ढिगाला, मिळालेला असू शकतो. बहुतेक माल ज्या भावाने गेला तो सर्वसाधारण, आणि शेतकऱ्याने हिशोब धरावा तो त्याचा. योजनांसाठी मायस्कीम आहे, जुलै २०२२ पासून. वय, राज्य, प्रवर्ग, उत्पन्न विचारून ते तुम्हाला लागू पडतील अशा योजना पुढे ठेवतं. मग खात्याच्या पानावर जाऊन अटी तपासायच्या, हे आलंच.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी एक सूचना. काही भारतीय सरकारी संकेतस्थळं देशाबाहेरून उघडतच नाहीत. ती बंद पडलेली असतात असं नाही. सुरक्षेसाठी देशाबाहेरून येणारी इंटरनेट जोडणीच अडवलेली असते. अशा वेळी 'आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी मदतनिसाला आधार क्रमांक देण्यापेक्षा गावाकडच्या भावाला फोन लावलेला बरा.

एवढं करूनही माहिती सापडलीच नाही तर? इथे २००५ या सालाचा दुसरा धागा येतो. त्या वर्षी पोर्टल सुरू होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १२ ऑक्टोबरला, माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला होता. (महाराष्ट्रात राज्याचा असा कायदा त्याच्याही आधीपासून होता.) या कायद्याचं नाव काढलं की आपल्याला अर्ज आठवतो. पण अर्जाच्या आधी कलम ४ येतं. प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने १७ बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची: अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं, निर्णय घेण्याची पद्धत, पगार, अंदाजपत्रक, अनुदानाच्या योजना कशा राबवतात आणि त्यांचे लाभार्थी कोण, माहिती अधिकाऱ्याचं नाव. लोकांवर अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी, असा हेतू कायद्यानेच सांगून ठेवला आहे. स्थानिक भाषेचा विचार करा, हेही त्याच कलमात आहे. केंद्राचं पोर्टल इंग्रजी आणि हिंदीत उभं राहिलं. तालुक्याच्या कार्यालयाला मात्र मराठीत न सांगण्याची सबब नाही.

म्हणून खात्याच्या संकेतस्थळावर गेलात की 'माहितीचा अधिकार' असं लिहिलेलं टिचकावा आणि १७ बाबींची यादी काढा. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव अजून तिथेच असेल, तर संकेतस्थळ किती जिवंत आहे तेही लगेच कळतं. तिथे हवं ते नसेल तर अर्ज करा. केंद्राच्या कार्यालयांसाठी आरटीआय ऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन, महाराष्ट्राच्या कार्यालयांसाठी राज्याचं वेगळं पोर्टल. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा असं कायद्याचं कलम ६ सांगतं. पण केंद्राच्या पोर्टलवर राज्य सरकारच्या कार्यालयासाठी अर्ज टाकलात तर तो परत येतो आणि १० रुपयेही जातात. हे पोर्टलच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. तलाठ्याबद्दलचा प्रश्न दिल्लीला धाडू नका.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. केंद्रात त्याला फी नाही. महाराष्ट्रात २० रुपये लागतात.